आधी झाडं मोज, मग पराग

कोपरखैरण्याच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: "मॅडम, माझं वनस्पतिशास्त्रात एमएस्सी झालंय. पुढच्या वर्षी कॅनडात रानटी ब्लूबेरीवर काम करायला जायचंय. वाचताना एक कोडं पडलं. एकीकडे लिहिलेलं असतं की काही झाडांचे निम्म्याहून जास्त परागकण वांझ असतात. दुसरीकडे म्हणतात, या झाडांत आनुवंशिक विविधता भरपूर आहे. पराग इतका वाईट आणि विविधता इतकी चांगली, हे एकत्र कसं नांदतं? आणि जाण्याआधी इथेच बसून मी कशावर हात बसवू?"

प्रश्न चांगला आहे, कारण तुला कोडं पडलं. पुष्कळांना ते पडतच नाही. ते दोन आकडे शेजारी शेजारी लिहितात आणि पुढे जातात.

माझं सांगायचं तर मी आधी भातावर परागकण मोजले, मग ठाण्यात वर्षानुवर्षं सायटोजेनेटिक्स, म्हणजे गुणसूत्रांचं शास्त्र शिकवलं, आणि मधे एक अख्खा हंगाम कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या ब्लूबेरीच्या शेतांत काढला. त्यामुळे भातवाल्यांचे शब्द माझ्या तोंडी आहेत. मी धड परागकणाला 'भरलेला' आणि वांझ कणाला 'पोचट' म्हणते. तूही म्हण, सोपं जातं.

आधी एक कबुली देते, म्हणजे तुझी निदान एक चूक वाचेल. शिकत असताना मी घणसोलीकडच्या एका दलदलीतल्या पाणकणसावर काम केलं होतं. तीस कणसं आणली, तीस स्लाइड केल्या, पोचट कणांचं प्रमाण काढलं. सगळीकडे जवळजवळ एकच आकडा. मी खूश. 'या समूहात फरक नाही' असं ठळक अक्षरात लिहून गाइडपुढे ठेवलं. त्यांनी कागद बाजूला सारला आणि विचारलं, "कणसं तीस, ते कळलं. झाडं किती?" पाणकणीस चिखलाखालून आडव्या खोडाने पसरतं. मी बहुधा एकाच झाडाला तीस वेळा तोच प्रश्न विचारून आले होते.

ब्लूबेरीत हाच सापळा मोठ्या आकारात आहे. तू ज्या शेतांत जाशील तिथलं मुख्य झाड व्हॅक्सिनियम अँगुस्टिफोलियम, म्हणजे लोबुश ब्लूबेरी. उंची गुडघ्याच्या खालीच. ही शेतं कुणी लावलेली नसतात. जंगल तोडलं किंवा जळलं की त्याच्या सावलीत आधीपासून असलेली ब्लूबेरी जमिनीखालच्या खोडांनी पसरत जाते आणि शेतकरी तिला फक्त मोकळं रान करून देतो. एका बीपासून सुरू झालेलं झाड कित्येक मीटर जागा व्यापतं. वर हजारो काड्या दिसतात, खाली झाड एकच. रत्नागिरीपासून मुरबाडपर्यंत हापूसची लाखो कलमं आनुवंशिकतेच्या हिशेबात एकच झाड आहेत ना, तसंच. फरक इतकाच की इथे कलम बांधणारा माणूस नाही.

ऑक्टोबरात ती शेतं बघशील तेव्हा हे डोळ्यांनीच कळेल. एक ठिगळ गडद किरमिजी, त्याला लागून नारिंगी, त्यापलीकडे अजून हिरवटच. आजीच्या गोधडीसारखं. एक ठिगळ म्हणजे एक क्लोन, एकाच झाडाचा पसारा. म्हणून माझा सल्ला असा की जमलं तर पानगळीच्या दिवसांतच पोच, ठिगळांच्या कडांना झेंड्या लाव, नकाशा कर, पानं सिलिका जेलमध्ये वाळवून डीएनए मार्करने खात्री करून घे, आणि फुलांकडे पुढच्या मे-जूनमध्ये वळ. एक गोष्ट तिथे कुणी आपणहून सांगत नाही, कारण त्यांना ती नळाच्या पाण्याइतकी सवयीची आहे: ही शेतं दोन वर्षांच्या चक्रात चालतात. एका वर्षी जमिनीलगत छाटतात किंवा जाळतात, त्या वर्षी नुसती पालवी. फुलं-फळं दुसऱ्या वर्षी. चुकीच्या वर्षाचं शेत निवडलंस तर झेंड्या तशाच, फुलं नाहीत.

आता कोड्याकडे.

लोबुश ब्लूबेरी चतुर्गुणित आहे. या गोतातली मूळ संख्या १२, आणि हिच्यात गुणसूत्रं ४८, म्हणजे प्रत्येक संचाच्या चार प्रती. अर्धसूत्री विभाजनात, म्हणजे जननपेशी बनताना गुणसूत्रं अर्धी होतात तेव्हा, दोन-दोनच्या जोड्या लागाव्यात, पण चौघं सारखेच असल्यावर कधी तिघं एकमेकांत अडकतात, कधी चौघं, आणि एखादं एकटं पडतं. वाटणी चुकते. ज्या कणाच्या वाट्याला कमी-जास्त आलं तो पोचट होण्याची शक्यता वाढते. हा चौपट असण्याचा तोटा.

फायदा बघ. एखादं घातक पण सुप्त जनुक घे, a; त्याची निरोगी आवृत्ती A. द्विगुणित, म्हणजे दोनच प्रतींचं झाड Aa असेल आणि स्वतःच्याच परागाने फळलं, तर चारातलं एक बी aa निघून मरतं. चतुर्गुणित झाड AAaa असेल तर त्याच्या जननपेशी होतात AA एक वाटा, Aa चार वाटे, aa एक वाटा. म्हणजे aa सहात एक. स्वपरागणात aaaa व्हायला दोन्हीकडून aa यावं लागतं: छत्तीसात एक. आणि झाड AAAa असेल तर aa ची जननपेशी जवळजवळ होतच नाही. म्हणजे वाईट जनुकं या झाडात खोल दडून राहतात, निवडीच्या चाळणीत सापडत नाहीत. चांगली-वाईट सगळीच विविधता साठत जाते. एका जागी चार वेगवेगळ्या आवृत्त्या बाळगायची सोय द्विगुणिताकडे नाहीच.

तू म्हणशील, छत्तीसात एक म्हणजे काहीच नाही, मग स्वपरागणाने बिघडतं काय? बिघडतं, कारण असं जनुक एक नसतं. बऱ्याच जागी थोडं थोडं ओझं असतं आणि स्वपरागणात ते एकदम उघडं पडतं. ब्लूबेरीत स्वतःचा पराग कुक्षीवर रुजतो, परागनलिका खाली उतरते, बीजांड फळतंही. मरतो तो नंतर, भ्रूण. पेरू-डाळिंबाची सवय असलेल्या आपल्या लोकांना वाटतं, फळ धरलं नाही म्हणजे पराग वाईट. इथे पराग धडधाकट असतो आणि तरी फळ गळतं किंवा बारीक राहतं. बाहेरचा पराग मिळाला की बिया जास्त भरतात, फळ मोठं होतं आणि लवकर पिकतं. अशी दर पिढीला स्वपरागणाची शिक्षा असल्यामुळे जगतात ती बहुतेक संकर झालेली पोरं. विविधता टिकते ती त्यामुळे.

तिसरी गोष्ट, जमिनीखालचं खोड. भाताच्या रोपाचा पराग पोचट निघाला आणि बी धरलं नाही तर त्याची गोष्ट त्या हंगामात संपली. ब्लूबेरीच्या क्लोनला तशी घाई नाही. पराग अर्धा पोचट असला तरी क्लोन दरवर्षी थोडा थोडा पुढे सरकत राहतो. परागाच्या गुणवत्तेवर निवडीचा दाब पडतो, पण सैल.

जोडून बघ आता. गुणसूत्रांच्या चार प्रती आणि स्वतःचा पराग न मानवणं यांतूनच विविधता येते. पोचट कणांचा एक मोठा भागही त्याच चार प्रतींच्या गोंधळातून येतो. तुझे दोन आकडे भांडत नाहीत, एका घरचे आहेत.

पण 'एक मोठा भाग' म्हटलं, 'सगळा' नाही. उरलेला कुठून येतो ते ओळखणं हेच तुझं खरं काम, आणि इथे ब्लूबेरी तुला अशी सोय देते जी भाताने मला कधी दिली नाही. तिचे परागकण सुटे होत नाहीत. एका मातृपेशीचे चार कण आयुष्यभर एकमेकांना चिकटून राहतात. चौकडीच. भातात मी फक्त टक्के काढू शकत होते, कोण कुणाचा भाऊ ते कळायला मार्ग नव्हता. तुला प्रत्येक चौकडीत चारही भावंडं समोर दिसतील.

समज दोन द्विगुणित झाडं आहेत, दोघांचेही ५० टक्के कण पोचट. टक्केवारीच्या रकान्यात ती सारखी. पहिल्याची स्लाइड बघितलीस तर जवळजवळ प्रत्येक चौकडीत दोन भरलेले, दोन पोचट. म्हणजे एखादं जनुक कणालाच मारतंय आणि ते झाडात एकेरी आहे, दोन प्रतींपैकी एकीतच. दुसऱ्याच्या स्लाइडवर निम्म्या चौकड्या पूर्ण भरलेल्या, निम्म्या पूर्ण पोचट, अधलंमधलं थोडंच. हे दोन गुणसूत्रांमध्ये तुकड्यांची अदलाबदल झाल्याचं लक्षण असू शकतं. एका वाटणीत चौघांनाही पूर्ण संच मिळतो, दुसरीत चौघांनाही अपुरा. तिसरं झाड असं सापडेल की एकही कण भरलेला नाही, सगळ्या फुलांत तीच कथा. तिथे कणाचा दोष नाही, आईचा आहे. परागकोशाच्या आतला पोसणारा थर वेळेआधी बिघडला की असं होतं. लोबुशमध्ये अशी नर-वांझ झाडं आहेत आणि तो वांझपणा आनुवंशिक आहे, हे नोव्हा स्कोशियातल्या केंटव्हिलच्या संशोधन केंद्रातल्या लोकांनी १९६० च्या दशकातच दाखवलं होतं. अशा झाडाला फळं लागतात बरं का, फक्त शेजाऱ्याच्या जिवावर. आणि जिथे एका चौकडीत तीन भरलेले, दुसरीत एक, कुठे एक कण इवलासा, असा विसकळीत प्रकार दिसेल तिथे गुणसूत्रांची चुकलेली वाटणी. चतुर्गुणितात चित्र इतकं स्वच्छ मिळत नाही, हे आधीच सांगते. दोन-तीन कारणं एकात एक मिसळलेली असतात. तरी नुसत्या टक्क्यांपेक्षा पुष्कळ हाती लागतं.

कधीतरी चौकडीच्या जागी जोडी दिसेल. दोनच कण, पण दोघेही मोठे आणि टम्म भरलेले. त्याला दोष समजून वगळू नकोस. त्या कणांमध्ये गुणसूत्रं अर्धी झालेलीच नाहीत. तिथल्या शेतांत लोबुशच्या बरोबरीने व्हॅक्सिनियम मिर्टिलॉइड्स वाढते, पानं आणि कोवळ्या काड्या मखमली लवेच्या. ती द्विगुणित, गुणसूत्रं २४. दोघींचा साधा संकर ३६ वर अडकतो आणि बहुतेकदा बीच धरत नाही. पण २४ वालीने अर्धी न झालेली जननपेशी दिली तर पोर थेट ४८ चं होतं आणि सुपीकही. दोन जातींमधला पूल हा असा. (झेंडी लावण्याआधी पानावरून बोट फिरवून बघायला विसरू नकोस. दोन जातींचे नमुने एका पिशवीत गेले तर पुढचा सगळा हिशेब गेला.)

माणसांनी हा पूल मुद्दामही वापरलाय. फ्लोरिडातली व्हॅक्सिनियम डॅरोवाय ही द्विगुणित, सदाहरित, थंडी कमी लागणारी. तिचा फ्लोरिडा फोर-बी नावाचा एक क्लोन अर्धी न झालेल्या जननपेशी देणारा निघाला. त्याचा उत्तरेकडच्या चतुर्गुणित हायबुशशी, म्हणजे उंच झुडपाच्या ब्लूबेरीशी, संकर झाला आणि आज गरम मुलखांत लावतात त्या कित्येक सदर्न हायबुश जातींच्या वंशावळीत त्याचं रक्त आहे. ठाण्यात गच्चीतल्या कुंडीत ब्लूबेरी लावून 'फळ का नाही' असं विचारणारे मला महिन्यातून दोघं तरी भेटतात. त्यांच्या कुंडीतही बहुधा तोच वंश असतो. त्यांच्या अडचणी मात्र परागाच्या आधीच सुरू होतात. मातीचा पीएच ४.५ ते ५.५ हवा, आणि आमच्याकडे लोक नळाचं पाणी नि शेणखत घालून मोकळे होतात.

आता मोजायचं कसं. उमलायच्या बेतात असलेली कळी घे. ब्लूबेरीचं फूल म्हणजे खाली तोंड केलेली छोटी घागर, आत दहा परागकोश, आणि प्रत्येकाच्या टोकाला नळी नि भोक. पराग मिठाच्या डबीसारखा त्या भोकातून पडतो. नुसतं टोचून फारसं काही निघत नाही. बंबलबी ही जाडजूड केसाळ माशी पंखांचे स्नायू थरथरवून तो झटकते. मधमाशीला ती युक्ती येत नाही, तरी शेतकरी तिच्याच पेट्या भाड्याने आणतात कारण संख्या मिळते. आपण भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला नादकाटा वापरायचा: वाजवून देठाला टेकवायचा, खाली स्लाइड धरायची. बारीक पिवळट धूळ पडते. पहिल्यांदा पडली तेव्हा मी एकटीच शेतात हसत होते.

रंग साधा, ४५ टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये १ टक्का कार्मिन. एक थेंब, कव्हरस्लिप, स्पिरिटच्या दिव्यावरून हलकेच एकदा-दोनदा फिरवायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. भरलेला कण लाल आणि गोल, पोचट कण फिका, चुरगळलेला. भातात आम्ही आयोडीन वापरायचो, कारण तिथे स्टार्च भरलेलं असतं. ती सवय इथे आणू नकोस.

आणि कार्मिनवर आंधळा विश्वास ठेवू नकोस. थोडा पराग ओव्हनमध्ये ८० अंशांवर दोन तास ठेव, मग रंगव. पुष्कळसा लालच होईल. मेलेला, पण भरलेला. कार्मिन सांगतं की कण नीट घडला. जिवंत आहे का ते सांगत नाही. त्यासाठी रुजवावा लागतो. ब्रूबेकर-क्वॅक यांचं १९६३ चं माध्यम अजून चालतं: १० टक्के साखर, आणि लिटरमागे बोरिक ॲसिड १०० मिलिग्रॅम, कॅल्शियम नायट्रेट ३००, मॅग्नेशियम सल्फेट २००, पोटॅशियम नायट्रेट १००. साखरेचं प्रमाण आपल्या झाडाप्रमाणे थोडं वर-खाली करून बघावं लागतं. चौकडीतून एकाहून जास्त नलिका निघतात, म्हणून 'किती चौकड्या रुजल्या' आणि 'किती नलिका निघाल्या' हे वेगवेगळं लिही. दोन्ही चाचण्या कर, आणि दोन्हींमधला फरक वेगळा नोंद. विविधतेशी जोडायचा आकडा कार्मिनचा. रुजण्याचा आकडा हवामान, शिळेपणा, तुझा हात, सगळ्यांनी हलतो.

हिशेबातली एक खोड. ३०० चौकड्या मोजल्यास म्हणजे १,२०० कण झाले, पण ती १,२०० स्वतंत्र साक्षीपुरावे नव्हेत, भावंडं आहेत. एका क्लोनची दहा फुलंही तशीच. शेवटी तुझा नमुना म्हणजे क्लोनची संख्या. वीस क्लोन, प्रत्येकी तीन फुलं, हे एका क्लोनच्या साठ फुलांपेक्षा कितीतरी मोलाचं. माझी ती तीस कणसं आठव.

इथे बसून हात कशावर बसवायचा? लाजाळूवर. तिचे परागकणही चौकडीतच असतात, फक्त फार बारीक, त्यामुळे ४० च्या भिंगाखाली चांगली नजर लागते. लाजाळूवर जमलं की ब्लूबेरी तुला कलिंगडाएवढी वाटेल. पावसाळ्यात रेल्वे रुळांच्या कडेला, पारसिकच्या टेकडीवर, कुठेही मिळेल. सकाळी लवकर जा, दुपारपर्यंत ते गुलाबी गोंडे मलूल होतात. दमट हवेत परागकोश नीट फुटत नाहीत, म्हणून गोंडे सिलिका जेलच्या डबीत तासभर ठेव. तीच डबी मायक्रोस्कोपच्या खोक्यातही ठेव. आमच्याकडे दोन पावसाळ्यांत भिंगांवर बुरशी चढली होती आणि एक बॅच महिनाभर ती बुरशी 'पोचट कण' म्हणून मोजत होती.

नादकाट्याचा सराव वांग्याच्या फुलावर कर, त्याचेही परागकोश टोकाच्या भोकांनीच उघडतात. गच्चीत वांगं असेल तर निळ्या पट्ट्यांची माशी येते का बघ. ती फुलाला मिठी मारून गुणगुणते तो आवाज, आणि फुलाबाहेर उडताना येणारा आवाज, दोन्ही ऐक. पहिला स्वर चढा असतो.

आणि वाशीच्या फळबाजारातून ब्लूबेरीची एक डबी आण. बहुधा बाहेर देशातून आलेली हायबुश असते, चालेल. वीस मोठी फळं आणि वीस बारकी निवडून आडवी काप, हातभिंगाखाली बघ. भरलेल्या तपकिरी बिया वेगळ्या मोज, चपट्या पिचक्या वेगळ्या. मोठ्या फळांत भरलेल्या बिया किती आणि बारक्यांत किती, ते लिहून ठेव.

लाजाळूच्या शंभर चौकड्या झाल्या की तक्ता मला पाठव. रकाने सहा कर: चारही भरलेले, तीन, दोन, एक, शून्य, आणि सहावा जोड्यांचा. टक्केवारीचा रकाना आत्ता नको. सहावा रकाना रिकामा राहिला तरी आखायचाच.